नव्या शहरातला संसार : तिचंही नाव लागलं पाहिजे

कुणी शेतातून आत्ताच आल्या असतील, कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुठं गटाची बैठक भरली असेल. जिथं असाल तिथून ऐका.

आज बोलायचंय ते गावाबाहेर गेलेल्या आपल्या लेकी-सुनांबद्दल. आमच्या लातूर भागात कुठल्याही गटात विचारा, एखाद-दुसऱ्या घरातलं तरी नवं जोडपं पुण्याकडं गेलेलं असतं. भोसरी, मोशी, चिखली, तळवडे, चाकण ही नावं आता शेजारच्या गावांसारखी आपल्या तोंडात बसलीत. मुलगा आधीपासून कंपनीत असतो, चार मित्रांबरोबर खोली करून राहत असतो. लग्न होतं, एखादा सण होतो आणि एका रात्री दोघं ट्रॅव्हल्सनं निघतात. सोबत ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट आणि रुखवतातली चार भांडी. आपण डोळे पुसतो आणि घरी येऊन म्हणतो, 'चला, पोरगी शहरात गेली, सुखात पडली.'

ती सुखात पडावी असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण गटांचं काम करताना आम्ही या मुलींच्या आयांशी, सासवांशी बोलतो. पंचमीला, येळवशीला मुली गावी आल्या की त्यांच्याशीही बोलतो. त्यातून एक गोष्ट सारखी पुढं येते. गावात तिला सगळे ओळखतात. अमक्याची लेक, तमक्याची सून म्हटलं की आशाताई येते, अंगणवाडीताई येते, दुकानदार उधार देतो. शहरात मात्र कागद बोलतो. आणि कागदावर ती कुठंच नसते. खोली त्याच्या नावावर, गॅस मित्राच्या नावावर, कंपनीच्या कार्डावर तो एकटा, आणि रेशन कार्डावर ती अजून माहेरीच. म्हणजे संसार दोघांचा आणि नाव एकाचं. आजचं आमचं सांगणं एवढंच आहे की नव्या शहरातल्या संसारात तिचंही नाव लागलं पाहिजे. आणि त्याची अर्धी तयारी गावातच होते, आपल्या हातानं.

आधी तिचा दिवस कसा जातो ते बघू. खोली म्हणजे बहुतेक वेळा एकच, दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात ओटा, दाराबाहेर सामायिक जिना. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला पाणी एकाआड एक दिवस सोडायला सुरुवात झाली. त्यामुळं पाण्याच्या दिवशी सगळी कामं पाण्याभोवती फिरतात. पिंप, घागरी, बादल्या, पातेलीसुद्धा भरून ठेवायची. हे आपल्याला नवं नाही, पण गावात पाण्याला चारजणी मिळून जातात. तिथं शेजारीण कोण, कुठली, हेच पहिले दोन महिने कळत नाही.

त्यात कंपनीची शिफ्ट. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. नाईट असली की तो सकाळी येऊन झोपतो. खोली एकच. मग भांडं वाजवायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. एक मुलगी सांगत होती, 'मावशी, त्या आठवड्यात मी जिन्यात बसूनच भाजी निवडते.' आणि रात्री तो कामावर गेला की ती खोलीत एकटी. अठरा-वीस माणसांच्या घरातून गेलेली पोर. आईचा फोन आला की म्हणते, 'बरं हाय, काळजी करू नको.' आई फोन ठेवते आणि ती पुन्हा त्या भिंतींकडं बघत बसते.

मुलाचंही सोपं नसतं, तेही सांगितलं पाहिजे. तो बरेचदा ठेकेदाराकडून लागलेला असतो. काम कायमचं नसतं. आधी मित्रांमध्ये भाडं वाटून जायचं, मेसचा डबा होता. आता सगळा भार एका पगारावर येतो. घरी पैसे पाठवायचे, बायकोला शहर दाखवायचं, आणि कामावर उशीर झाला तर खाडा. दोघंही नवीन, दोघंही घाबरलेले आणि दोघंही एकमेकांना ते सांगत नाहीत.

आता हिशेब मांडू. आपण गटातल्या बायका, वहीत मांडल्याशिवाय आपल्याला पटत नाही. धरून चालू की पगार १८,००० आहे आणि पीएफ १५,००० वर कापला जातो. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. ईएसआयसी पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये. व्यवसाय कर २०० रुपये. हातात आले १५,८६५. आता खर्च. खोलीभाडं ५,५०० धरा, लाईट ५००, किराणा आणि गॅस ४,०००, दूध-भाजी २,०००, कामावर जायचं पेट्रोल १,२००, दोघांच्या फोनचे रिचार्ज ६००. बेरीज झाली १३,८००. उरले दोन हजार पासष्ट. त्यात गाडीचा नाहीतर मोबाईलचा हप्ता असला, एखाद्याला ताप आला, की हात रिकामा.

आणि गावात आपण काय म्हणतो? 'लग्नाआधी महिन्याला पाच हजार पाठवायचा. बायको आली आणि हात आखडला.' म्हणजे बोल लागतो सुनेला. तिनं तर तो पगार डोळ्यांनी बघितलेलाही नसतो. सासवांनो, आम्हीही त्याच घरांतल्या आहोत, म्हणून हक्कानं सांगतो. पैसे मागायच्या आधी हिशेब विचारा. मुलाला म्हणा, 'बाबा, पगार किती, भाडं किती, उरतं किती, दोघं बसून लिहा आणि आम्हाला सांगा.' दोघं बसून, हे महत्त्वाचं. ज्या घरात बायकोला पगाराचा आकडा माहीत असतो तिथं ती खर्च धरून करते. जिथं माहीत नसतो तिथं मागितलं की भांडण आणि नाही मागितलं की उपास. आपण तिला गटात वही लिहायला शिकवली असेल, तर तीच वही तिच्या पिशवीत घालून द्या.

पगारातून जे कापलं जातं, ते वाया जात नाही, हेही तिला माहीत पाहिजे. पीएफमध्ये मालकही आपला वाटा भरतो. पण पीएफला वारसाची नोंद लागते. लग्नाआधी मुलानं आईचं किंवा वडिलांचं नाव दिलेलं असतं. लग्नानंतर ही नोंद नव्यानं करायची असते आणि ती मोबाईलवरून, आधारच्या मदतीनं होते. आईचं नाव काढा असं आम्ही कुणाला म्हणत नाही. बायकोचं नाव कुटुंबात घाला, एवढंच. उद्या यंत्रावर काही बरंवाईट झालं, तर त्या पोरीनं कुणाच्या दारात जायचं?

दुसरं ईएसआयसी. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराला हा विमा लागू होतो. पगारातून पाऊण टक्का कापतात आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. यात औषधपाणी फक्त त्याचं नाही, बायकोचं आणि मुलांचंही होतं. पण तिचं नाव, तिचा फोटो, तिचा आधार नोंदवलेला असला तरच. कित्येक मुलांनी कार्ड काढलं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून कार्डावर ते एकटेच. चिंचवडला मोहननगरमध्ये या विम्याचं रुग्णालय आहे. पगारातून पैसे जात असताना तिला खाजगी दवाखान्यात नेऊन कर्ज काढायचं, हे आपल्याला परवडणारं नाही. म्हणून लग्न झालं की मुलाला पहिल्या महिन्यातच सांगा, कंपनीच्या ऑफिसात जा आणि तिचं नाव चढव.

आता गावातून निघायच्या आधी काय करायचं, ते एकेक करून सांगते. कुणाकडं वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं, लग्नाची नोंदणी. आपल्या राज्यात यासाठी १९९८ चा कायदा आहे. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची. गावात ती ग्रामसेवकाकडं होते. लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे पुरावे आणि साक्षीदार लागतात. गावात साक्षीदार ढीगभर मिळतात, शहरातून यासाठी परत यायचं म्हणजे चार खाडे. हा एक कागद असला की पुढची सगळी दारं उघडतात.

दुसरं, नाव. आधारवर माहेरचं, बँकेत सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, असं असलं की प्रत्येक खिडकीवर अडवतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. माहेरचं ठेवायचं तर सगळीकडं तेच ठेवा, बदलायचं तर सगळीकडं बदला. ठरवताना तिला विचारा.

तिसरं, तिचं स्वतःचं बँक खातं. आधारला जोडलेलं आणि तिच्याच मोबाईल नंबरचं. नंबर नवऱ्याचा दिला की ओटीपी त्याच्याकडं जातो, आणि तो कंपनीत फोन बाहेर ठेवून आत गेलेला असतो. तिचा नंबर चालू राहिला पाहिजे. शहरात गेल्यावर नवं सिम घेऊन जुना नंबर बंद केला, की बँक, आधार, रेशन सगळं अडकतं.

चौथं, रेशन. इथं जरा नीट ऐका. तिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवायचं आणि तिचं ई-केवायसी करून घ्यायचं. अन्नसुरक्षेत प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळं ते देशात कुठल्याही रेशन दुकानात, अंगठा लावून घेता येतं. वेगळं कार्ड काढायची गरज नाही. समजा कार्डावर चार माणसं आहेत, सासू-सासरे गावात आणि दोघं भोसरीत. महिन्याचं धान्य २० किलो. मग १० किलो त्यांनी तिकडं उचलायचं, १० किलो आपण इकडं. पण आपण गावात पहिल्याच दिवशी सगळं २० किलो उचललं, तर तिकडं मशीन सांगतं, शिल्लक नाही. म्हणून हे घरात बोलून ठरवावं लागतं. शहरात दोघांचं १० किलो धान्य मिळणं म्हणजे किराण्याच्या चार हजारातले काही शे रुपये वाचणं. सासूनं दिलेली ही मदत पाठवलेल्या पिठाच्या डब्याइतकीच मोलाची आहे.

आता तिकडं पोचल्यावरची कामं.

खोलीचा करार. तोंडी बोलून, डिपॉझिट देऊन बरेच जण राहतात. मग मालक म्हणतो, 'उद्या खाली करा.' महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. त्यात दिलेल्या डिपॉझिटचा आकडा लिहून घ्या. आणि भाडेकरू म्हणून दोघांचीही नावं घाला. एवढं केलं की तिच्या हातात त्या शहरातला पत्त्याचा पहिला कागद येतो. मतदार यादीत पत्ता बदलायचा असला तर ८ नंबरचा अर्ज असतो, तोही तिला भरता येतो.

गॅस. मोठं कनेक्शन मिळेपर्यंत ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत चोरून गॅस भरून देणारे असतात, त्यांच्याकडं जायचं नाही. एका खोलीत स्वयंपाक, झोपणं सगळं एकाच जागी, तिथं असला धोका घ्यायचाच नाही.

आणि दिवस गेले तर? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण पहिले सहा-सात महिने ती शहरातच असते. मग सातव्या महिन्यात येते आणि हातात एकही तपासणीचा कागद नसतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळलं की तिकडच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा तिथल्या आशाताईकडं लगेच नाव नोंदवायचं. माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचं आणि ते कार्ड गावी येताना सोबत आणायचं. बाळाचं लसीकरण सरकारी दवाखान्यात कुठंही फुकट होतं, गाव कुठलं म्हणून कुणी अडवू शकत नाही. पिंपरीला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, लोक त्याला वायसीएम म्हणतात, ते नाव तिला सांगून ठेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे पैसे आईच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात. आता कळलं ना, खातं आणि नंबर तिचाच का पाहिजे? बाळाच्या जन्माची नोंद मात्र बाळ जिथं जन्मलं तिथंच, २१ दिवसांच्या आत. दाखला घेतल्याशिवाय बाळाला घेऊन शहरात परत जाऊ नका.

काही मुली कामाला लागतात. पॅकिंगला, जुळणीच्या कामाला, नाहीतर घरी डबे करून देतात. फार चांगलं आहे. फक्त पगार तिच्या खात्यात यावा, आणि तिचा स्वतःचा पीएफ, ईएसआयसी नंबर तिनं लिहून ठेवावा. ठेकेदार बदलला तरी पीएफचा नंबर तोच राहतो. आमच्या ओळखीतली एक मुलगी आपल्या गल्लीतल्या सहा-सातजणींना घेऊन बसते. कुणी परभणीची, कुणी बुलढाण्याची, कुणी बिहारची. पाण्याच्या दिवशी एकमेकींच्या बादल्या भरतात, नाईटच्या आठवड्यात एकीच्या खोलीत भाजी निवडतात. त्यातूनच त्यांनी महिन्याला शंभर-शंभर जमा करायला सुरुवात केली. शहरातही बचत गट असतात, महापालिकेच्या समाज विकास विभागात त्याची चौकशी होते. जी मुलगी आपल्या गटात बसून शिकली, ती तिथं गट उभा करू शकते.

आता जरा अवघड बोलते. सगळी जोडपी गोडीनं राहतात असं नाही. काही ठिकाणी दारू येते, हात उठतो. गावात भांडण झालं तर शेजार धावतो. तिथं दार लावलं की कुणाला कळत नाही. आणि आपण फोन करतो तेव्हा तो शेजारीच बसलेला असतो, स्पीकर चालू असतो. मग ती काय सांगणार? म्हणून त्याच्या शिफ्टची वेळ माहीत करून घ्या आणि तो कामावर असताना तिच्याशी एकटीशी बोला. 'बरी आहेस का' असं विचारलं की ती 'बरी आहे' म्हणणारच. त्याऐवजी विचारा, 'आज काय जेवलीस? शेवटचं घराबाहेर कधी गेलीस? हातात पैसे किती आहेत?' या तीन प्रश्नांत खरं काय ते कळतं. तिला दोन नंबर तोंडपाठ करून द्या. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा पोलिसांच्या मदतीचा नंबर. ती परत यायचं म्हणाली, तर आधी येऊ द्या, चौकशी नंतर करा. 'लोक काय म्हणतील' हे तिला ऐकवायचं नाही.

हे फक्त सुनेच्या आईसाठी नाही. मुलाच्या आईनंही मुलाला विचारलं पाहिजे, 'तिला घेऊन बाहेर जातोस का? बसचा रस्ता दाखवलास का? पगार सांगितलास का?' आईनं विचारलं की मुलगा ऐकतो. पहिल्या सुट्टीला दोघांनी मिळून दवाखाना, रेशन दुकान, बँक आणि पोलिस चौकी एवढी चार ठिकाणं बघून यावीत. सिनेमा, मॉल नंतर होईल.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचं बोलणं झालं, की आणखी एक काम करा. गटाच्या वहीत एक पान काढा. वर लिहा, 'बाहेरगावी गेलेल्या लेकी-सुना'. खाली प्रत्येकीचं नाव, फोन नंबर आणि समोर सहा रकाने : लग्न नोंदणी, स्वतःचं खातं, रेशन, खोलीच्या करारात नाव, ईएसआयसी, पीएफ वारस. जे झालंय तिथं बरोबरची खूण. जे राहिलंय ते कुणी कधी करायचं, ते तिथंच ठरवा. ज्यांची लग्नं येत्या हंगामात ठरलीत, त्यांचीही नावं आत्ताच लिहा. दर महिन्याला एकीनं एकीला फोन करायचा, पाळीपाळीनं. अध्यक्ष, सचिवांनी हे काम ग्रामसंघात मांडलं, तर सगळ्या गावाची यादी होईल.

लेक जाताना आपण तिची ओटी भरतो. त्या ओटीबरोबर कागदांची एक पिशवीही द्या, आणि ती पिशवी तिच्याच हातात द्या.

तुमच्या गटाचं पान तयार झालं की आम्हाला कळवा. कुठं अडलं तरी कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.